छात्राध्यापकांसाठी सूचना : मुलांच्या वह्यांवरील अभिप्राय

सराव पाठांसाठी नागपुरातील शाळांत जाणाऱ्या सर्व छात्राध्यापकांना कळविण्यात येते की, तिसरी-चौथीच्या मुलांनी तान्ह्या पोळ्यावर (लाकडी बैल घेऊन घरोघरी जाण्याच्या मुलांच्या सणावर) लिहिलेल्या निबंधांवर केवळ ‘छान’ असा शेरा मारून वह्या परत करू नयेत. ‘लाकडी बैलाच्या शिंगांना बेगड लावताना तुझी बोटे चिकट झाली, हे वाचून मला तो बैल दिसला,’ असे लिहिल्यास आपले लेखन कुणीतरी खरोखर वाचले, हे मुलाला उमगते. घरोघरी मिळणाऱ्या खाऊ-पैशांसाठीचा ‘बोजारा’ हा शब्द तर चूक समजून मुळीच खोडू नये. तो आपल्या भागाचा ठेवा आहे. शुद्धलेखनाची एखादीच चूक दाखवावी, शेवटी एक प्रश्न विचारावा आणि पुढच्या भेटीत त्याचे उत्तर आठवणीने वाचावे.