दिवाळीत भज्जी करणार तरी कशाची?

मा. संपादक साहेब,

आमच्या गावात (तालुका औसा, जिल्हा लातूर) दिवाळीच्या सुट्टीत भज्जी महोत्सव भरवायचं चाललंय, व्हॉट्सॲप ग्रुपवर बॅनर पण फिरायला लागलंय. कल्पना चांगली आहे, नोकरीसाठी पुण्याला गेलेली पोरं त्या निमित्तानं गावात चार दिवस जास्त थांबतील, त्याला विरोध करायचं काही कारण नाही. पण दिवाळीत भज्जी करणार कशाची हे कुणी विचारलंच नाही.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, ही कांदाभजी नव्हे. येळवशीला म्हणजे वेळ अमावस्येला आम्ही रानात जी खातो ती भज्जी. तूर, हरभरा, वाटाणा, वाल, घेवडा यांचे ओले दाणे सोलून शिजवायचे, त्यात मेथी, पालक, कांद्याची पात, गाजर, जे घावेल ते टाकायचं, मग चिंचेच्या कोळात नाहीतर आंबट ताकात कालवलेलं बेसन सोडायचं आणि लसूण-हिरव्या मिरचीचा ठेचा घालून मोठ्या पातेल्यात रटरटू द्यायचं. आदल्या रात्री अख्खं घर शेंगा सोलत बसतं, म्हातारी माणसं सुद्धा, टीव्ही चालू असतो पण लक्ष कुणाचं नसतं आणि सकाळी सगळ्यांची नखं काळी. सोबत बाजरीचे उंडे म्हणजे गोळे आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील. ती मातीच्या बिंदग्यात म्हणजे मडक्यात, घोंगडी पांघरून डोक्यावरनं रानात न्यायची. रानात कडब्याची कोप म्हणजे खोपटं, कोपीत चुना लावलेले पाच दगड, तेच पाच पांडव, आणि ओलगे ओलगे सालम पोलगे म्हणत पिकावर आंबील शिंपडायची.

आता दिवाळीला रानात काय असतं सांगा. सोयाबीन निघालेलं, तूर फुलावर, हरभरा अजून पेरणीत. म्हणजे मटार फ्रोजन आणायचा, बाकीचे दाणे वाळलेले भिजवायचे आणि त्याला भज्जी म्हणायचं, अहो ती उसळ झाली! येळवस मार्गशीर्ष अमावस्येला येते. 2024 मध्ये ती 11 जानेवारीला पण आली आणि त्याच वर्षी 30 डिसेंबरला पण आली. लवकर आली की हरभऱ्याचे घाटे नीट भरलेले नसतात म्हणून बाया कुरकुर करतात. पंधरा-वीस दिवसाच्या फरकानं जी चव बदलते ती दोन-दोन महिने अलीकडं ओढायची म्हणजे काय.

दुसरं म्हणजे दिवाळी असो की येळवस, आता घरच्या रानात तरी कुठं सगळं मिळतंय. जिकडं बघावं तिकडं सोयाबीन. बांधावरचा वाल-घेवडा तणनाशकात गेला, ज्वारी कमी झाली म्हणून कोपीला कडबा नाही, लोक हिरवी नेट नाहीतर ताडपत्री बांधून पांडव बसवतात, आणि शेंगा लातूरच्या बाजारातनं मागतील त्या भावानं. आपल्याच जिल्ह्याच्या पानचिंचोलीच्या चिंचेला, बोरसुरीच्या तूरडाळीला, काष्टी कोथिंबिरीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्याचे स्टेटस सगळ्यांनी ठेवले, पण आपल्या बांधावर एक वेल लावायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

तेव्हा मंडळींना माझं सांगणं असं की दिवाळीत मंडप घालायच्या ऐवजी बियाणं वाटा, हरभरा-वाटाणा-मेथीचं. रब्बीची पेरणी चालूच असते, प्रत्येकानं चार ओळी घरच्यापुरत्या टाकल्या तरी खूप. वाल-घेवड्याला तेव्हा उशीर होतो, त्याचं बी पुढच्या पावसाळ्यासाठी द्या. आणि महोत्सव येळवशीच्या दुसऱ्या दिवशी नाहीतर लगतच्या रविवारी घ्या. येळवशीच्या दिवशी नको, त्या दिवशी गावात काळं कुत्रं सुद्धा नसतं, सगळे रानात. कलेक्टर साहेब स्थानिक सुट्टी देतात ती जिल्ह्यापुरती, पुण्यातल्या कंपनीला त्याचं काय, म्हणून रविवार बरा पडेल. तिकडं बीदर-कलबुर्गीला पण ही अमावस्या करतात, तिकडच्या पाहुण्यांना बोलवा, त्यांची भज्जी शेजारी ठेवा, मजा येईल.

अजून एक. बॅनरवर थाळीचा रेट टाकलाय दीडशे रुपये. खर्च निघायला पाहिजे हे मान्य, पण पैसे पार्किंगचे घ्या, स्टॉलचं भाडं घ्या, जेवायचे नको. येळवशीला रस्त्यानं चाललेल्या अनोळखी माणसाला सुद्धा आपल्याकडं हात धरून कोपीपाशी बसवतात आणि आधी आंबिलीचा तांब्या पुढं करतात, तिथं टेबल टाकून कुपन फाडणार कोण?

आपला,
औसा तालुक्यातला एक शेतकरी वाचक