द्युफायची यादी आणि तुमची

लूव्हन (बेल्जियम), रविवार रात्र

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, गेल्या रविवारी मी फोन मध्येच ठेवला. ‘माझ्या वेळी कुठले अभंग म्हणायचे ते लिहून ठेवलंय, कपाटाच्या डाव्या खणात आहे,’ हे तुम्ही किराणा सांगावा तसं सांगितलंत. मला ऐकवेना. नंतर आईचा मेसेज आला, ‘जेवलीस का?’ म्हणजे तिला कळलं होतं.

मंगळवारी मी ज्या गायकवृंदात जाते तिथे सध्या गियोम द्युफाय या पंधराव्या शतकातल्या संगीतकाराचं ‘आवे रेजिना चेलोरुम’ बसवतोय. मेरीमातेचं जुनं स्तोत्र, १४६४ च्या सुमारास त्याने चार आवाजांत बांधलेलं. आमच्या हातात आपापले कागद नसतात. त्या काळच्या पोथीच्या मोठ्या छापील प्रतीभोवती आम्ही दाटीवाटीने उभे राहतो. डाव्या पानावर दोन आवाज, उजव्यावर दोन. दुसरा काय गातोय ते तुमच्या ओळीत दिसतच नाही, कानानेच कळायचं. मात्रांचे खण पाडणाऱ्या उभ्या रेघा नाहीत. एकजण शेजारच्याच्या खांद्यावर बोटांनी ठेका देतो, तो पुढच्याच्या. सम कुठे, असं तुम्ही विचाराल. नाहीच. प्रत्येक आवाज आपापल्या श्वासाने चालतो आणि ओळीच्या शेवटी सगळे भेटतात. काही ठिकाणी कोमल की शुद्ध हे लिहिलेलंच नसतं, गाणाऱ्याने ठरवायचं. त्यावरून आमची तालमीत दर वेळी भांडणं.

(त्याच्या कांब्रेच्या (आजच्या फ्रान्समधल्या) कॅथेड्रलमध्ये हे पुरुष आणि मुलगेच गात. मला कुणी आत घेतलं नसतं. आज वरचा आवाज आम्ही चार बायका गातो आणि छान गातो.)

आता खरी गोष्ट. स्तोत्राच्या जुन्या ओळींमध्ये द्युफायने स्वतःच्या ओळी घातल्यात, नावासकट! ‘तुझ्या या ढळत्या द्युफायवर दया कर.’ आपली ‘तुका म्हणे’ची नाममुद्रा शेवटी येते, याची मध्येच, आणि दोनदा. दुसऱ्या वेळी ‘दया कर’वर अचानक कोमल गंधार लागतो. तोवर सगळं शुद्ध गंधाराच्या उजेडात चाललेलं असतं. पुढे तो मागतो की तुझ्यासमोर माझं मरण सुंदर होवो. बाबा, पेटीवर सा धरून शुद्धवरून कोमलवर या, कळेल.

हे गाणं कधी म्हणायचं तेही त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. मरणाआधीचे शेवटचे धार्मिक विधी झाले की आठ गायकांनी उशाशी एक स्तोत्र हळू आवाजात म्हणावं, मग मुलांनी आपल्या गुरुजींबरोबर हे. वेळ मिळाला तर, असंही लिहिलंय. २७ नोव्हेंबर १४७४ ला तो गेला. वेळ मिळाला नाही. दोन्ही गाणी नंतर चॅपेलमध्ये म्हटली गेली.

हे मंगळवारी कळलं आणि मला गाता येईना. घसा दुखतोय म्हणाले.

काल रेल्वेने फ्रान्समधल्या लीलला जाऊन आले. कांब्रेचं ते कॅथेड्रल फ्रेंच क्रांतीनंतर पाडलं. द्युफायच्या थडग्याची शिळा १८५९ मध्ये एका विहिरीवर झाकण म्हणून सापडली, ती आता लीलच्या संग्रहालयात आहे. त्या शिळेवर तो कोपऱ्यात गुडघे टेकून बसलाय, एवढासा. बराच वेळ उभी होते, शेवटी पहारेकऱ्याने घड्याळ दाखवलं.

बाबा, फोन ठेवला ते चुकलं. डिसेंबरात येतेय तेव्हा ती यादी खणातून काढून पेटीवर ठेवा. त्यातलं जे जे येत नाही ते मला शिकवा, तुमच्या काळी एकमध्ये, मी वर ओढून घेईन. तुम्ही समोर बसून चुका काढा. आई, टाळ तुझ्याकडे. आणि मी ‘आवे रेजिना’तला माझा आवाज म्हणून दाखवीन. एकटा फार पोकळ वाटतो, पण तेवढं चालवून घ्या.

आई, जेवले होते. पिठलं-भात. पिठलं पातळ झालं.

तुमची,
छोटी