नॅक्सॉसचे चार फोटो पाठवतोय

संपादक साहेब, नमस्कार,

सुट्टीचे फोटो मागवलेत म्हणून ग्रीसमधल्या नॅक्सॉस बेटावरचे चार पाठवतोय, जागा असेल तर छापा. ग्रीस म्हटलं की सगळे सँटोरिनी बेटाचेच फोटो टाकतात, तेच निळे घुमट, तोच तिथल्या ईया गावातला सूर्यास्त, चांगलं आहेच ते पण किती वेळा बघायचं?

पहिला फोटो पोर्टाराचा. बंदराजवळ नुसती संगमरवरी चौकट उभी आहे, साधारण ६ मीटर उंच, इ.स.पू. ५३० च्या सुमारास मंदिर बांधायला घेतलं आणि अर्धवटच राहिलं. दार आहे, घर नाही! संध्याकाळी त्या चौकटीतून सूर्य पकडायला इतकी गर्दी होते की माझ्या फोटोत कुणाचं तरी डोकं आलंय, ते कापू नका प्लीज, तीच तर खरी परिस्थिती.

दुसरा ग्रीक सॅलडचा. यात कोबी, लेट्यूस असलं काही नसतं हं, टोमॅटो, काकडी, कांदा, ऑलिव्ह आणि वर फेटा चीजची अख्खी वडी, तिच्यावर ओरेगॅनो भुरभुरलेलं. तिसऱ्यात तिथले तळलेले बटाटे, बेटाचे बटाटे ग्रीसभर फेमस आहेत, आणि बाजूला ग्राव्हिएरा चीज.

चौथा जरा हललाय. खानावळीबाहेर दोरीवर ऑक्टोपस वाळत घातलेला, त्यातून पाणी ठिपकतंय आणि बरोब्बर खाली एक मांजर मान वर करून बसलंय. बायको म्हणते हा पाठवू नकोस, पण मला हाच आवडतो. एकच छापणार असाल तर मांजराचा छापा.

आपला,
एक वाचक