क्लबच्या पॅचवर पुन्हा स्पिटफायरच कशाला?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

छंदवाल्या मंडळींची पत्रं तुम्ही छापता म्हणून हे लिहायचं धाडस करतोय. जुन्या विमानांचं वेड असलेल्यांचे क्लब जगभर आहेत, आणि क्लब म्हटला की टोपीवर, जॅकेटवर, बॅगेवर लावायला पॅच, म्हणजे भरतकामाचा कापडी बिल्ला, लागतोच, आणि पॅचवर विमान कुठलं घ्यायचं यावरून जी भांडणं जुंपतात ती निवडणुकीत पण जुंपत नसतील. आमच्या क्लबात सध्या तेच चाललंय. मतदान घेतलं तरी निकाल आधीच ठरलेला असतो, पहिला स्पिटफायर, दुसरा मस्टँग, तिसरा तो नाकावर शार्कचे दात रंगवलेला पी-४०, तिन्ही दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमानं. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याचं नाव मोठं ते घेऊ नका, तीन इंचांत जे ओळखू येतं आणि ज्याच्याबद्दल समोरच्याला काहीतरी सांगता येतं ते घ्या. माझं मत कॅटलिनाला, म्हणजे त्याच काळातल्या पाण्यावर उतरणाऱ्या विमानाला. का ते सांगतो, थोडं लांबेल पण सांभाळून घ्या.

आधी स्पिटफायर, कारण त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय कोणी पुढचं ऐकूनच घेत नाही. विमान देखणं आहे यात वादच नाही. त्याचा डिझायनर मिचेल, त्याच्या टीमने तो लंबगोल पंख नुसता दिसायला छान म्हणून केला नव्हता, पंख पातळ ठेवायचा होता आणि त्याच पातळ पंखात आठ मशीनगन आणि चाकं पण कोंबायची होती, त्यातून तो आकार आला. ५ मार्च १९३६ ला पहिलं उड्डाण आणि पुढे वीस हजारांवर विमानं बनली. पण हा पंख दिसतो कुठून, तर वरून नाहीतर खालून. आणि आपली मंडळी पॅचसाठी हटकून बाजूचा फोटो घेऊन येतात! बाजूने पंखाची होते एक रेघ, मग उरतं काय, लांब नाक, काचेची कॉकपिट आणि शेपटी, आता तीन इंचांवर हे स्पिटफायर आहे, ब्रिटनचंच दुसरं लढाऊ विमान हरिकेन आहे का मस्टँग आहे हे छातीठोकपणे सांगणारा माणूस मला दाखवाच. ६ सप्टेंबर १९३९ ला खुद्द स्पिटफायरच्या पायलटांनी आपल्याच दोन हरिकेन शत्रूची समजून पाडली होती. त्या गोंधळाला इतरही कारणं होती हे मान्य, पण ट्रेनिंग घेतलेल्या माणसांची ही गत, मग आपला पॅच दहा फुटांवरून बघणाऱ्याने काय ओळखायचं?

म्हणून पहिली टेस्ट सिलूएटची. युद्धात ब्रिटनच्या ऑब्झर्व्हर कोअरवाल्यांना, म्हणजे आकाशावर नजर ठेवणाऱ्यांना, नुसत्या काळ्या आकृत्यांवरून विमानं ओळखायला शिकवायचे, रंग नाही, खुणा नाहीत, नुसता आकार. आपणही तेच करायचं, ड्रॉइंग पूर्ण काळं भरायचं, मोबाईलवर नखाएवढं करायचं आणि क्लबबाहेरच्या कोणाला तरी दाखवायचं. नाव सांगता आलं नाही तरी चालेल, पण ‘अरे हे वेगळंच दिसतंय’ एवढं तरी तोंडातून निघायला पाहिजे. यात पी-३८ लायटनिंग वरून बघितलं तर सहज पास होतं, दोन शेपट्यांचं विमान विसरत नाही कोणी. कॉन्स्टेलेशन पास होतं, शेपटीला तीन उभ्या फळ्या आणि माशासारखी वाकलेली बॉडी. कॉर्सेअर पास होतं पण समोरूनच, कारण त्याचा तो मोडल्यासारखा पंख समोरूनच दिसतो (तेरा फुटांवरचा प्रोपेलर लावायचा आणि चाकांचे पाय तर आखूड ठेवायचे, म्हणून पंखच वाकवला, काय डोकं आहे बघा). डीसी-३ जमिनीवर उभं असतं तेव्हा नाक वर, शेपटी खाली, ती ऐट बाजूने पण कळते. आणि त्याच्या पहिल्या उड्डाणाची तारीख १७ डिसेंबर १९३५, म्हणजे राइट बंधूंच्या उड्डाणाला बरोबर ३२ वर्षं. कॅटलिना हरलं तर माझं दुसरं मत तिकडे.

दुसरी गोष्ट म्हणजे पॅच धाग्याने बनतो, प्रिंटरने नाही, हे लोक विसरतात. कम्प्युटरवर झूम करून केलेलं डिझाइन बघून सगळे वा वा करतात आणि मग भरतकामाचं सॅम्पल आलं की तोंडं पडतात. टायगर मॉथचंच घ्या ना, एकावर एक दोन पंखांचं, माझं फार लाडकं विमान, पण पॅचसाठी छळवाद आहे नुसता. त्याचा पंख साधारण २९ फुटांचा, समोरून दाखवायचं आणि तीन इंचांत बसवायचं म्हणजे जवळपास ११७ पट लहान झालं. वरच्या आणि खालच्या पंखांमधल्या ताणाच्या तारा अर्ध्या इंचाच्या धरल्या तरी पॅचवर ती तार येते ०.१ मिलिमीटर. आणि भरतकामाचा नेहमीचा ४० नंबरचा धागाच जवळपास ०.४ मिलिमीटर जागा खातो. म्हणजे तारा काढा नाहीतर चौपट जाड दाखवा. काढल्या तर आमच्यातले जाणकार ओरडणार, दाखवल्या तर विमान पिंजऱ्यात अडकल्यासारखं दिसणार. एवढं बारीक पाहिजेच असेल तर भरतकाम सोडून विणलेला पॅच करा, त्यात डिटेल बऱ्यापैकी येतं, पण टाक्याचा तो उठाव जातो आणि मला स्वतःला तो सपाटपणा आवडत नाही. अक्षरांचं पण तेच, पाच मिलिमीटरच्या खाली गेलात की सगळं बुजतं, देवनागरीत तर वेलांटी, रफार, अनुस्वार सगळ्यांना वरती वेगळी जागा लागते, म्हणून क्लबचं नाव छोटं नसेल तर विमान तरी छोटं करा.

आता खुणा. इथे खरी मारामारी. ‘व्हिंटेज विमान’ असं काही नसतं हो, अमुक वर्षाचं अमुक विमान असतं. अमेरिकन लष्करी विमानांवरच्या ताऱ्याचंच बघा, मे १९४२ पर्यंत मधे लाल ठिपका होता, जपानी लाल गोळ्याशी गल्लत नको म्हणून काढला, जून १९४३ मध्ये बाजूच्या पांढऱ्या पट्ट्या आल्या लाल किनारीसकट, सप्टेंबरमध्ये किनार निळी झाली, आणि पट्टीच्या मधली लाल रेघ आली ती थेट १९४७ मध्ये. आणि लोक १९४२ च्या पी-४० वर बिनधास्त १९४७ चा तारा चिकटवतात! तसेच ते पंखावरचे काळे-पांढरे पट्टे, ते जून १९४४ च्या नॉर्मंडीच्या वेळचे, ते १९४० च्या हरिकेनवर कशाला? जर्मन विमान घेतलं तर शेपटीवरच्या नाझी स्वस्तिकाचा प्रश्न, खुद्द जर्मनीत ते असं मिरवायला कायद्याने बंदी आहे, आणि काढून टाकलं तर विमान अर्धवट वाटतं. फिनलंडच्या विमानांवरचं निळं स्वस्तिक १९१८ पासूनचं, म्हणजे नाझींच्या आधीचं, पण जॅकेट घालून फिरताना येणाऱ्या-जाणाऱ्याला हा इतिहास कुठे समजावत बसणार?

आरसा हा आणखी एक घोळ. पॅच खांद्यावर लावायचा तर नाक पुढच्या बाजूला हवं, नाहीतर विमान उलटं चालल्यासारखं दिसतं, म्हणून डाव्या आणि उजव्या खांद्याला वेगळं डिझाइन लागतं. मग कोणीतरी सरळ फ्लिप मारतो आणि बॉडीवरची कोड अक्षरं पण उलटी होतात. स्पिटफायरच्या सुरुवातीच्या मार्कमध्ये (म्हणजे आवृत्त्यांमध्ये) तर रेडिएटर उजव्या पंखाखाली आणि ऑइल कूलर डाव्या पंखाखाली, दोघांचा आकार वेगळा, म्हणजे खालून दाखवलेलं चित्र फ्लिप केलं की जगात कधीच न बनलेलं विमान तयार! प्रोपेलरची पाती पण मोजून घ्या, पहिल्या प्रोटोटाइपला दोन होती, मार्क पाचला तीन, नऊला चार, चौदाला पाच. हे कोण बघतंय असं म्हणू नका, विमानांच्या क्लबात सगळे हेच बघतात, दुसरं काही बघतच नाहीत.

आणि मुळात पॅचवर विमान पाहिजेच का, असाही एक सूर निघतो. त्यात तथ्य आहे. दुसऱ्या महायुद्धात डिस्नीच्या स्टुडिओने सैन्याच्या तुकड्यांसाठी बाराशेच्या आसपास बोधचिन्हं काढून दिली, त्यांत बहुतेक ठिकाणी कार्टून पात्रं आणि प्राणीच आहेत, सगळ्यात जास्त मागणी तर डोनाल्ड डकला. स्क्वॉड्रनला ते परवडतं कारण त्यांची विमानं बदलत राहतात, चिन्ह तेच राहतं. आपल्याकडे उलटं आहे, आपण जमतोच विमानासाठी, मग विमान नको कसं? फक्त शार्कचे दात मात्र नकोत. ते दात आधी जर्मन बीएफ-११० वर होते, त्यांचं बघून आफ्रिकेतल्या ब्रिटिश ११२ स्क्वॉड्रनने पी-४० वर रंगवले आणि त्यांचा फोटो बघून फ्लाइंग टायगर्सनी, म्हणजे चीनच्या बाजूने लढणाऱ्या अमेरिकन पायलटांनी, घेतले, म्हणजे कॉपीची कॉपी, त्यात आपली चौथी कशाला.

तर कॅटलिना. होडीसारखं पोट, त्यावर एका खांबावर ठेवलेला लांबच लांब पंख, पंखावरच दोन इंजिनं, मागे उंच शेपटी आणि कमरेला काचेचे फुगे. बाजूने बघा, काळं करून बघा, लहान करून बघा, दुसऱ्या कशाशी गल्लत होणं अवघड. तारा नाहीत, नक्षी नाही, धाग्याला आवडणारे मोठे मोठे आकार. १९३५ मध्ये पहिल्यांदा उडालं, २६ मे १९४१ ला जर्मन युद्धनौका बिस्मार्कचा ठावठिकाणा याच विमानाने लावला. पण मला भावते ती वेगळी गोष्ट. १९४२ मध्ये सिंगापूर पडलं आणि ऑस्ट्रेलिया-इंग्लंडचा हवाई मार्ग तुटला, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास विमान कंपनीने १९४३ ते १९४५ पर्थ ते सिलोनमधलं (आताच्या श्रीलंकेतलं) कोग्गला असं कॅटलिनाने न थांबता उड्डाण केलं, साडेपाच हजार किलोमीटरच्या वर, कमी-जास्त ३० तास, फार तर तीन प्रवासी, रेडिओ बंद आणि दिशा ताऱ्यांवरून. एका प्रवासात दोनदा सूर्योदय दिसायचा म्हणून प्रवाशांना ‘सीक्रेट ऑर्डर ऑफ द डबल सनराइज’ची सदस्य असल्याचं सर्टिफिकेट मिळायचं. म्हणजे यांनी क्लब ऐंशी वर्षांपूर्वीच काढून ठेवलाय, आपण फक्त पॅच करायचाय! पाच विमानं होती आणि पाचही ताऱ्यांच्या नावाची, अल्टेअर, व्हेगा, रिगेल, अँटारीस, स्पायका. युद्ध संपल्यावर लेंड-लीजच्या, म्हणजे अमेरिकेने मित्रराष्ट्रांना युद्धसामग्री पुरवायच्या योजनेच्या, अटींमुळे ती समुद्रात बुडवली गेली, त्यामुळे म्युझियममध्ये जाऊन बघू म्हटलं तर ती सोयही राहिली नाही.

डिझाइन पण आपोआप सुचतं. गडद निळं कापड, डाव्या आणि उजव्या काठाला अर्धा-अर्धा नारिंगी सूर्य, वर पाच तारे, मधे एकाच फिकट रंगात कॅटलिना. तीन-चार रंगांत काम होतं, राष्ट्रीय खुणांची भानगड नाही आणि फ्लिप केलं तरी काही बिघडत नाही. क्वांटासचा लोगो मात्र घालू नका, कंपनी चालू आहे, विमान जुनं म्हणून लोगो फुकट मिळत नाही.

‘हे काय, बदकासारखं हळू चालणारं विमान’ असं म्हणणारे आहेत, त्यांना ३० तास हवेत राहून दाखवा म्हणावं. फक्त ज्याच्याकडे ड्रॉइंगचं काम जाईल त्याने दोन गोष्टी बघाव्यात. पंखांच्या टोकाचे तरंगते पाय उड्डाणात वर घडी होऊन पंखाचं टोकच बनायचे, आणि आपलं विमान दोन सूर्यांच्या मधे म्हणजे हवेत आहे, तेव्हा ते लोंबकळताना दाखवू नका. आणि क्वांटासची ही विमानं फक्त पाण्यावर उतरणारी होती, नेटवर सापडणारे बरेच फोटो चाकं असलेल्या ५ए मॉडेलचे असतात, त्यावरून ट्रेस केलंत तर पोटाच्या बाजूला चाकाचा तो गोल खड्डा पण येईल, तो काढून टाका.

आपला,
एक विमानवेडा वाचक