दुखापत झालेल्या पोरांचे काय?

महोदय,

शालेय क्रीडा स्पर्धांचा मोसम आला की तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढणाऱ्या मुलांचे फोटो आपल्या अंकात येतात. मला लिहायचे आहे ते दुखापतीने घरी बसलेल्या पोरांबद्दल.

माझी मुलगी १७ वर्षांखालील गटात ८०० मीटर धावते. आमचा माण तालुका दुष्काळी. पण इथल्याच मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावल्या आणि पोरींना पहाटे पळायला धाडणे इकडे नवलाचे राहिले नाही.

गेल्या वर्षी लेकीच्या नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली. डॉक्टरांनी दोन महिने पळणे बंद केले. हाड वेळेत सांधले, पोर मात्र पार मिटून गेली. अकादमीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून तिला काढले. सरावाचे मेसेज आता तिला कशाला, म्हणून. मनात कुणाच्या वाईट नसेल. आम्ही घरचे तरी कुठे शहाणे? "कधी सुरू करणार?" हे रोज विचारायचो, पाय दुखतो का हे नंतर. ती सवयीने साडेचारला उठायची आणि अंधारात पळायचे स्पाइक्सचे बूट पुसत बसायची.

शेवटी शाळेच्या पीटीच्या बाईंनी तिला मैदानावर बोलावून हातात स्टॉपवॉच आणि वही दिली. "बसून सगळ्यांच्या वेळा लिही." आठवड्याभरात ती मैत्रिणींवर ओरडू लागली, "शेवटच्या दोनशेला ढिली पडतेस गं!" त्या रात्री एक भाकरी जास्त गेली.

'टेली-मानस' या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मला ठाऊक आहे, आणि गरज पडली तर तो लावावाच. पण पंधरा वर्षांची पोर आधी बोलते ती शेजारी बसून बुटाची नाडी बांधणाऱ्या मैत्रिणीशी. तिच्यापासूनच तोडले तर ती बोलणार कुणाशी?

क्रीडा खात्याने शाळांना आणि अकादम्यांना एवढे बजावावे: दुखापत झालेल्या खेळाडूचे नाव हजेरीतून काढू नका, त्याला रोज मैदानावर काहीतरी काम द्या. यात खर्चाचा प्रश्नच नाही. जिल्हा स्पर्धेच्या गाडीतही त्याला एक जागा ठेवा. आमच्या बाईंनी ठेवली होती. सगळ्यांच्या डब्यांची पिशवी मांडीवर घेऊन लेक खिडकीशी बसली होती.

– एक पालक, दहिवडी (जि. सातारा)