उद्यमबागेतल्या लेथवाल्या मामांना, आणि आणखी दोघांना

गुडघ्यांमुळे मला माडी चढवत नाही, आणि अँटेनाची केबल माडीवरच उतरते, म्हणून हॅम रेडिओही (हौशी लोकांचा बिनतारी संच) तिथंच. खाली खाटेवर बसून फ्रिक्वेन्सी फिरवता यावी म्हणून आर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डावर घरीच नॉब करायला घेतला. तो पूर्ण झाला, पण ज्यांच्यामुळे झाला त्यांची नावं विचारायची राहून गेली.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या मामांनी भंगारातल्या ॲल्युमिनियमचा नॉब कातून दिला. नॉब किती फिरला ते मोजणाऱ्या एन्कोडरचा दांडा 6 मिलिमीटरचा. भोक जराही सैल झालं असतं तर नॉब डुगडुगला असता. तीनदा बसवून बघितलं त्यांनी. पैसे विचारले तर ‘ऱ्हाऊ दे की’ म्हणाले.

एन्कोडर एका फेऱ्यात 600 पल्स, म्हणजे विजेचे ठोके देतो, पण माझा फ्रिक्वेन्सीचा आकडा हलतच नव्हता. त्याचं आउटपुट ओपन कलेक्टर असतं, म्हणजे ते तार फक्त शून्याकडे ओढतं, म्हणून दोन्ही तारांना पाच व्होल्टकडे ओढणारे रेझिस्टर लागतात, हे सुट्या भागांच्या दुकानातल्या मुलीनं कन्नड-मराठी मिसळून, कागदावर काढून समजावलं. तो कागद जपून ठेवलाय.

मग नवीनच दुखणं. बोलायचं बटण दाबलं की फ्रिक्वेन्सी आपोआप पळायची. रेडिओच्या 40 मीटर बँडवर एका अनोळखी ज्येष्ठांना हे सांगितलं. तुमचाच सिग्नल नॉबच्या लांब वायरीत शिरतोय, म्हणाले. शील्डेड (धातूचं आवरण असलेली) केबल घ्या, फेराइट रिंगमधून (असा सिग्नल अडवणाऱ्या कड्यातून) तिचे सात-आठ वेढे द्या. तसं केलं, आकडा जागेवर थांबला.

आता एका फेऱ्यात 6 किलोहर्ट्झ, 10-10 हर्ट्झनं, अगदी मऊ फिरतो. तुम्हा तिघांचे मनापासून आभार. मामा, नॉब दाखवायला येतोय.