गणिताच्या तासालाच दुखतं?

संपादक महोदय,

पहाटेची एसटी गाठायची म्हणून नुसत्या चहावर निघणारी मुलं आमच्या राजापूर तालुक्यात पुष्कळ. तिसऱ्या-चौथ्या तासाला त्यातलं एखादं बाकावर ठणकणारं डोकं टेकतं. खिडकीतल्या उन्हाकडे बघवत नाही, वर्गातली कलकल सोसत नाही, मग ओकारी. ‘गणिताच्या तासालाच बरं दुखतं!’ हा शेरा ठरलेला. घरी दृष्ट काढतात, फार तर चष्म्याचा नंबर तपासून आणतात.

अर्धशिशी मुलांनाही होते. मात्र त्यांचं बहुधा दोन्ही बाजूंनी, कपाळावर दुखतं आणि थोडी झोप लागली की मूल खेळायला मोकळं. म्हणूनच ते नाटकी ठरतं. उपाशी पोट, जागरण, कमी पाणी यांनी दुखणं उसळतं. मुली पाणी का टाळतात, हे शाळेच्या स्वच्छतागृहात डोकावलं की कळेल. त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.

दुकानातून आणलेल्या गोळीची सवय तर वाईटच. साधी वेदनाशामक गोळीही महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस, असं 3 महिन्यांहून जास्त घेतली तर गोळीमुळेच डोकेदुखी जडू शकते. 16 वर्षांखालच्यांना अ‍ॅस्पिरिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नये. दुखण्याने झोपमोड होणं, सकाळी उठताच उलट्या, तोल जाणं, नजरेत फरक, असं असेल तर डॉक्टरांकडे न्यायला थांबू नये.

शाळांनी मधल्या सुट्टीआधी डबा खायची मुभा आणि पडायला एक काळोखी खोली द्यावी. खर्च काहीच नाही.

– एक शिक्षिका, राजापूर